आमचं पाणी धुऊन द्या

नागूबाईच्या बोअरमधली मोटर वर आली, तेव्हा नरसिंगनं ती जमिनीवर न टेकवता तशीच साखळीला लटकत ठेवली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. अकरा महिन्यांपूर्वी त्यानंच ती नवी कोरी खाली सोडली होती. आता तिच्या पोलादी अंगाला बोट जाईल एवढी भोकं पडली होती. पाइपाच्या शेवटच्या तुकड्यातून तपकिरी पाणी ठिबकत होतं आणि त्याला जळक्या रबराचा वास होता.

"तीन वर्सात दुसरी मोटर ही, अण्णा," नागूबाई म्हणाली. "कामून असं व्हायलंय?"

नरसिंगनं खिशातून वही काढली, तारीख टाकली, 'नागूबाई, आल्याचा मळा, २१० फूट, मोटर खाल्ली, पाणी तपकिरी' एवढं लिहिलं आणि वही मिटली. मागं आल्याचे वाफे पिवळे पडून बसले होते.

हिरेवाडी हे सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातलं, दुबलगुंडीच्या अलीकडचं, मराठी बोलणाऱ्या शंभर-सव्वाशे घरांचं गाव. वर लाल जांभा दगड, खाली काळा खडक. नरसिंग तीस वर्षं हुमनाबादच्या आसपासच्या गावांत बोअरमधल्या मोटरी काढायचं आणि सोडायचं काम करत होता. लोखंडाची तीन पायांची घोडी, चेनकप्पी, जाड दोर आणि एक जुना टेम्पो एवढंच त्याचं भांडवल. शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. पण पहिल्या दिवसापासून त्याला एक सवय होती. ज्या बोअरला हात लावला तिची खोली, पाणी कुठं लागलं, दगड कसला, मोटर कोणत्या हालतीत निघाली, सगळं तो वहीत लिहून ठेवायचा. अशा अकरा वह्या घरात पत्र्याच्या पेटीत होत्या.

त्या दिवशी नागूबाईच्या मळ्यात त्याला जे कळलं, ते खरं तर आधीच कळलेलं होतं. फक्त आता ते वाडीपर्यंत येऊन पोचलं होतं.

वाडीपासून दीड किलोमीटरवर औषधांचा कच्चा माल बनवणारी एक कंपनी होती. तिच्या उंच चुनखडी भिंतीमुळं सगळे तिला पांढरी कंपनीच म्हणत. वाऱ्याची दिशा बदलली की वाडीतली माणसं दारं लावून घेत. गेल्या वर्षापासून पाणीही बदललं होतं. आंघोळीनंतर पोरांच्या अंगावर चट्टे उठू लागले. नरसिंगची बायको सरुबाई शाळेत दुपारचा भात शिजवायची. एक दिवस शाळेच्या बोअरच्या पाण्यात घातलेला पांढरा तांदूळ तिच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. तिनं पातेलं उतरवलं, सगळा भात उकिरड्यावर ओतला आणि मास्तरांना सांगितलं, "म्या ह्या पान्यात पोरास्नी शिजवून घालनार न्हाई. काढून टाकायचं तर टाका." त्या दिवसापासून ती डोक्यावरून दोन घागरी लांबच्या विहिरीवरून आणायची आणि मगच चूल पेटवायची.

पोळ्याच्या आठवड्यात कंपनीनं पंचायतीच्या आवारात शुद्ध पाण्याचं यंत्र बसवलं. घरटी रोज वीस लिटरचा एक कॅन फुकट. उद्घाटनाला मंडप होता, पेढे होते. कंपनीकडून बसवप्रभु आला होता. तो भालकीचा, चाळिशीतला, तिन्ही भाषा सराईत बोलणारा आणि प्रत्येकाला अण्णा-अक्का म्हणणारा माणूस. त्याच्या हातात एक कागद होता आणि घरटी एकेकानं त्यावर सही किंवा अंगठा करायचा होता. पंचायतीचा सदस्य आप्पाराव लोकांना ओळीत लावत होता. पहिली सही नागूबाईनं केली. तिची सून सात महिन्यांची गरोदर होती आणि तिला घरात चांगलं पाणी हवं होतं.

सरुबाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आदी वाचून दावा."

"कन्नडात आहे, अक्का."

"मला कन्नड कळतंय. वाचा."

बसवप्रभु भराभर वाचू लागला. दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी तिनं हात वर केला.

"थांबा. 'इन्नु मुंदे याव तकरारू इल्ल.' म्हंजी ह्याच्या म्होरं आमची कसलीच तक्रार न्हाई, असंच न्हवं?"

"ते नुसतं लिहायची पद्धत असते, अक्का."

"मंग खोडा."

बसवप्रभु हसला. आप्पाराव पुढं झाला. "वहिनी, फुकाट पानी द्यायलेत. कामून खोडा घालायलाव?"

"कॅन आमी पिऊ, भाऊ. म्हशीनं काय प्यावं? आल्याच्या वाफ्यात कॅन वतू का?" मग ती बसवप्रभूकडे वळली. "तुमी नासवलेलं पानी जिमिनीत हाय. ते आमचं पानी हाय. ते धुऊन द्या. मंग सही मागा."

लोक हसले. पाणी धुऊन द्या! पेढे खाता खाता कुणीतरी ते दोनदा म्हणून दाखवलं. बसवप्रभूनंही हसून घेतलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, जमिनीखालचं पाणी कुणाला धुता येत नाही. आणि ते आम्हीच नासवलं कशावरून? आमच्या भिंतीबाहेर एक थेंबसुद्धा जात नाही. सरकारी कागद आहे तसा. तुमच्याकडं काय आहे?"

सरुबाईकडं काही नव्हतं. ती सही न करता घरी गेली. गर्दीच्या मागं नरसिंग उभा होता. तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरुबाई भाकऱ्या थापत असताना तो पेटीतली एक जुनी वही घेऊन चुलीपुढं बसला.

"सरू, हे पान वाच."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले आणि वाचलं. 'पांढरी कंपनी. आत, ईशान्य कोपरा. बोअर ३८० फूट, कोरडी. भिंतीच्या कोपऱ्यापासून तिरकं ५६ फूट, लिंबापासून २३.' त्याखाली दोन महिन्यांनंतरची तारीख होती. 'त्याच बोअरीत चार इंची पाइप, २०० फूट. मोटर नाही. पाऊसपाणी मुरवायला म्हणाले.'

"नऊ वर्सामागचं हाय," नरसिंग म्हणाला. "मला वाटलं, खरंच पाऊसपानी मुरवनार. सरकार बी तेच सांगतंय तवा. म्या पाइप सोडला आन् आलो."

"मंग?"

"चार वर्सं झाली, आतली दुसरी मोटर काढाय गेलतो. त्या पाइपाला टँकरची नळी जोडलेली दिसली. मे महिना व्हता, सरू. आभाळात ढग न्हवता."

सरुबाईच्या तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही.

"चार वर्सं तुमाला ठाव हाय."

"कंपनीत वर्साला वीस मोटरी निघायच्या. ते काम गेलं असतं. मैत्रेयीचं बी.एड. चालू व्हतं..."

"पोरीच्या नावावर घालू नका." तिचा आवाज चढला नाही, पण नरसिंगला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "म्या रोज दोन घागरी डोक्यावर आनते शाळेला. तुमी रोज बघताव मला. रोज बघताव आन् रोज गप बसताव."

नरसिंगनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. तो म्हणाला, "काय करू सांग."

महिन्याभरात पांढऱ्या कंपनीची जनसुनावणी होणार होती. कंपनीला कारखाना दुप्पट करायचा होता आणि त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घेणं सरकारला भाग होतं. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली होती.

"तिथं सांगायचं," सरुबाई म्हणाली. "समद्यांपुढं. तुमच्या तोंडानं."

त्यांची मुलगी मैत्रेयी भालकीच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायची. रविवारी ती आली तेव्हा सरुबाईनं तिच्यापुढं अकराच्या अकरा वह्या ठेवल्या. मैत्रेयीनं दुपारपर्यंत त्या चाळल्या. मग तलाठ्याकडून आणलेल्या गावनकाशावर ती खुणा करू लागली. ज्या बोअरची मोटर खाल्लेली निघाली तिथं एक ठिपका आणि शेजारी साल. एकतीस ठिपके झाले. सर्वांत जुने दोन कंपनीच्या ईशान्य भिंतीला चिकटून होते. त्यानंतर दर साली ते ओढ्याच्या उतारानं थोडे थोडे पुढं सरकले होते, आधी सरकारी माळ, मग ऊसवाल्यांची शेतं, मग शाळा आणि शेवटी नागूबाईचा मळा. कंपनीच्या दुसऱ्या बाजूला, चढाकडं, एकही ठिपका नव्हता.

"अप्पा, हे कुनालाच खोटं म्हनता येनार न्हाई," मैत्रेयी बापाला म्हणाली. मग तिनं पेन खाली ठेवलं. "पर ह्यात तुमी बी हाव."

"ठाव हाय."

"केस व्हईल तुमच्यावर."

"व्हऊ दे," नरसिंग म्हणाला आणि उठून टेम्पोकडं गेला.

गोष्ट बाहेर फुटायला वेळ लागला नाही. सुनावणीच्या चार दिवस आधी बसवप्रभु घरी आला. बरोबर कुणी नव्हतं. सरुबाईनं चहा ठेवला.

"नरसिंग अण्णा, तुम्ही आपले माणूस," त्यानं सुरुवात केली. "एवढी वर्षं काम दिलं तुम्हाला. म्हणून स्वतः सांगायला आलो. पाइप कुणी सोडला? तुम्ही. बोअरीचं काम करायचं लायसन होतं तुमच्याकडं? नव्हतं. उद्या कोर्टात गेलं, तर पहिलं नाव तुमचं येईल री. कंपनीला वकील आहेत. तुम्हाला कोण आहे?"

नरसिंगनं चहा बशीत ओतला.

"घरी ऱ्हावा त्या दिवशी. खजुरीला, अफजलपूरला, कुठंही मोटर काढायला जावा. एवढंच."

"साहेब," नरसिंग म्हणाला, "तुमी भालकीचं. तुमच्या घरी बोअर हाय?"

"आहे की."

"तिचं पानी पिताव न्हवं? आमाला आमचं पिता येईना."

बसवप्रभु उठू लागला तेव्हा सरुबाई म्हणाली, "चहा सोडून जाऊ नका. लांबच्या विहिरीचं पानी हाय, भिऊ नका." त्यानं उभ्या उभ्या दोन घोटांत कप रिकामा केला आणि तो गेला.

सुनावणी कंपनीच्या शेजारच्या मोकळ्या माळावर होती. पांढरा मंडप, कूलर, मंचावर जिल्ह्याचे मोठे साहेब आणि त्यांच्या शेजारी कलबुर्गीहून आलेल्या प्रदूषण खात्याच्या मॅडम. पुढच्या चार रांगा कंपनीनं आणलेल्या माणसांनी सकाळीच भरून टाकल्या होत्या. मोठ्या पडद्यावर हिरवी झाडं आणि निळं पाणी दाखवलं गेलं. कंपनीच्या वकिलानं सांगितलं की सगळं सांडपाणी आत शुद्ध होऊन आतच वापरलं जातं. मग एकामागून एक माणसं उठली आणि कंपनीमुळं नोकऱ्या मिळाल्या, रस्ता झाला, कॅन मिळाले, असं बोलून गेली. टाळ्या पडत होत्या.

सरुबाईचं नाव पुकारलं तेव्हा दुपार झाली होती. ती मराठीत बोलू लागताच पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "कन्नडदल्लि हेळ्री! कन्नडात सांगा!"

सरुबाई थांबली. "नीर केट्टाव री," ती म्हणाली. मग मराठीत, "पानी नासलंय." मग हिंदीत, "पानी खराब हुआ है साब." आणि पुन्हा मराठीत, "तीन भाषेत सांगितलं. आता कुनी म्हनू नका, कळलं न्हाई." मागच्या बाजूनं हसू फुटलं, पण तिला हसायचं नव्हतं. तिनं भाताचं सांगितलं, पोरांच्या चट्ट्यांचं सांगितलं. "आमाला कॅन देऊन गप करायलेत. आमाला कॅन नकोत. जे जिमिनीत वतलंय ते उपसा, धुवा आन् पयल्यासारखं करून द्या. त्याचा खर्च ज्यानं वतलं त्यानं करायचा. मंग कारखाना दुप्पट करा न्हाईतर चौपट करा."

"आम्ही ओतल्याचा पुरावा आहे का बाईंकडं?" वकिलानं विचारलं.

"हाय," सरुबाई म्हणाली. "माज्या मालकांकडं हाय."

नरसिंग माइकपुढं आला. त्याच्या हातात वही होती आणि मागं मैत्रेयीनं नकाशा धरला होता. सुरुवातीला त्याचा आवाज कुणाला ऐकूच येईना. मॅडम म्हणाल्या, "जवळ या, सावकाश वाचा." त्यानं ते पान वाचलं. तारीख, खोली, चार इंची पाइप, मोटर नाही. मग मे महिन्यातली टँकरची नळी.

"म्हणजे गुन्हा यानंच केलाय!" वकील उभा राहिला. "स्वतः कबूल करतोय."

"व्हय," नरसिंग म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "पाइप म्याच सोडला. माजं नाव पयलं लिवा. ठाव असून चार वर्सं गप बसलो, ते बी लिवा. काय सजा आसंल ती भोगतो. पर टँकर म्या वतला न्हाई. ज्यानं वतला, त्याचं नाव माज्या खाली लिवा. रिकामी ओळ सोडू नका."

"अशी कोणतीही बोअर आमच्या आवारात नाही," वकील साहेबांकडं वळून म्हणाला.

"ईशान्य कोपरा. भितीच्या कोपऱ्यापासनं तिरकं छप्पन्न फूट, लिंबापासनं तेवीस." नरसिंगनं वही मिटली.

मॅडमनी ते लिहून घेतलं. साहेब म्हणाले, पाहणीचा आदेश काढू. तेव्हा मागं एक बाई उभी राहिली. ती नागूबाई होती.

"म्या पयली सही केलती त्या कागदावर," ती ओरडली. "माजी सही म्या माघारी घेतली! आदेश कवा काढनार, साहेब? आज जाऊन बघा. भित तर हितं हाय!"

"जाऊन बघा!" वाडीतल्या बायका उभ्या राहिल्या. मग ऊसवाले उभे राहिले, मग दुसऱ्या गावांतून आलेली माणसं. पुढच्या रांगांतले दोघेतिघे कामगारही उभे राहिले. ते आतच काम करत होते, त्यांना काय आत ओतलं जातं हे ठाऊक होतं. साहेबांनी हात वर करून लोकांना शांत केलं. आजच्या आज नियमात बसत नाही, पण आठ दिवसांत पाहणी होईल, असं त्यांनी माइकवर जाहीर केलं.

"मंग आठ दिवस आमी गेटापुढं बसतो," सरुबाई म्हणाली. "आत काय जातंय आन् भाईर काय येतंय ते मोजत."

आणि त्या खरोखर बसल्या. बायका पाळीपाळीनं, ताडपत्री टाकून. सरुबाई शाळेचा भात उतरवून दुपारी यायची, ती दिवस मावळेपर्यंत असायची. नागूबाई सकाळी. पोलीस येऊन दोनदा उठवून गेले. बायका रस्त्याच्या पलीकडं सरकल्या आणि पुन्हा बसल्या. तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या गोण्यांचा ट्रक आत गेला. पाचव्या दिवशी लॉनच्या हिरव्या गुंडाळ्या भरलेला टेम्पो गेला. मैत्रेयीनं दोन्हींचे फोटो काढून मॅडमना पाठवले. आप्पारावनं पहिले चार दिवस तिकडं पाहिलंच नाही. पाचव्या दिवशी तो आला आणि बायकांच्या जवळ पाण्याची कळशी ठेवून गेला.

पाहणीच्या दिवशी नरसिंगला आत बोलावलं. ईशान्य कोपऱ्यात सुंदर हिरवळ होती. मधोमध दोन सिमेंटची बाकं. लिंबाचं झाड नव्हतं.

"इथं तर बाग आहे," बसवप्रभु म्हणाला. गेल्या आठवड्यात तो बराच वाळल्यासारखा दिसत होता.

"झाड तोडता येतंय," नरसिंग म्हणाला. "भित कुठं नेनार?"

त्यानं भिंतीच्या कोपऱ्याला टेपचं टोक धरायला एका शिपायाला लावलं आणि तिरकं आत जात छप्पन्न फुटांवर टाच रोवली. तिथं हिरवळ उकरली. वीतभर मातीखाली नवं कोरं काँक्रीट लागलं. कंपनीचे लोक म्हणाले, बाकाचा पाया आहे. मॅडम म्हणाल्या, "फोडा." मशीन अर्धा तास चाललं. मग चार इंची पाइपाचं तोंड उघडं पडलं आणि जो वास वर आला त्यानं दोन शिपाई मागं सरले. नरसिंगनं बाटलीला दोर बांधून ती खाली सोडली. तीस वर्षं तो बोअरमध्ये दोर सोडत होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं की दोर आपल्याच पोटात उतरतोय. वर आलं ते पाणी नव्हतंच. काळसर, दाट आणि वर तेलाचा तवंग.

तीन बाटल्या लाखेनं बंद झाल्या. पंचनाम्यावर कंपनीतर्फे सही करायला बसवप्रभूला पुढं केलं. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि सही केली. बाहेर पडताना तो नरसिंगच्या जवळ थांबला. "त्या पाइपात टँकर ओततात हे मला माहीत नव्हतं, अण्णा. देवाशपथ," तो म्हणाला. नरसिंगला ते खरं वाटलं.

पुढचं सोपं नव्हतं. विस्ताराची परवानगी थांबली. कंपनीनं वर अपील केलं. बोअर नरसिंगनं बेकायदा पाडली आणि आत काय गेलं ते त्यालाच ठाऊक, अशी खोटी फिर्यादही दिली. नरसिंग स्वतः हुमनाबादच्या ठाण्यात गेला आणि सगळा जबाब लिहून देऊन आला. तेव्हापासून तो साक्षीदारही होता आणि आरोपीही. कंपन्यांनी त्याला काम देणं बंद केलं. काही गावांनीही. वर्षभर घर मैत्रेयीच्या पगारावर चाललं, आणि सरुबाईनं त्याला एकदाही ते ऐकवलं नाही. मात्र चार वर्षं गप्प बसल्याचं तिनं विसरल्यासारखंही कधी दाखवलं नाही. तारखेच्या दिवशी ती त्याच्याबरोबर कोर्टात जायची, बाकावर शेजारी बसायची आणि गाडी येईपर्यंत त्याच्याशी फारसं बोलायची नाही.

अपील फेटाळलं गेलं. हुकूम आला. कंपनीनं वाडीच्या उताराला सहा ठिकाणी बोअर पाडून नासलेलं पाणी उपसायचं, आत नेऊन स्वच्छ करायचं आणि तेरा ठरलेल्या बोअरी सलग दोन पावसाळे चांगल्या निघेपर्यंत हे थांबवायचं नाही. तपासणी विद्यापीठाची माणसं करणार, आणि दर महिन्याला नमुने काढताना गावातली तीन माणसं हजर असणार. गावानं नरसिंग, सरुबाई आणि नागूबाई ही नावं दिली. आरोपी माणसाचं नाव कसं देता, असं कुणी विचारलं, तेव्हा आप्पाराव म्हणाला, "त्या बोअरी त्याच्याइतक्या कुनाला ठाव हायत?"

उपसा सुरू झाला त्या दिवशी पहिल्या पंपातून गढूळ पाणी नळीत चढताना बघायला सगळी वाडी जमली होती. कुणी भाषण केलं नाही. कंपनीच्या टाकीवरचं मीटर फिरू लागलं आणि लोक ते फिरताना पाहत राहिले. त्या हिवाळ्यात शाळेच्या बोअरचा रंग फिकट झाला. वास गेला नाही.

वीस महिन्यांनी कंपनीनं बैठक बोलावली. नवा मॅनेजर आला होता. बसवप्रभु शेजारी कागद धरून होता. तेरापैकी नऊ बोअरी स्वच्छ निघाल्या होत्या. मॅनेजरनं सांगितलं, काम जवळजवळ झालंच आहे. समितीनं सही केली, तर पंप बंद करण्याचा अर्ज करता येईल, आणि वाडीत मोठा सभामंडप बांधून मिळेल.

नागूबाईची बोअर त्या नऊमध्ये होती. तिच्या मळ्यात तीन वर्षांनी पुन्हा आलं उगवलं होतं. मॅनेजरला हे कुणीतरी सांगितलेलं असावं, कारण त्यानं कागद आधी तिच्यापुढं सरकवला.

नागूबाईनं चष्मा लावला. कागद वाचायला तिला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर तिनं तो परत सरकवला.

"माजं पानी चांगलं झालंय," ती म्हणाली. "शाळेचं न्हाई झालं. ऊसवाल्या बाबूचं न्हाई झालं. वड्याकाठच्या दोन न्हाई झाल्या. त्या होईस्तवर पंप चालू ऱ्हाऊ द्या."

"पण आजी, त्याला आणखी तीन-चार वर्षं लागतील."

"लागू द्या की. नासवायला नऊ लागली."

मॅनेजरनं सरुबाईकडं पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. नरसिंगकडं पाहिलं, तर तो उठून दोर खांद्यावर टाकत होता. महिन्याचे नमुने काढायची वेळ झाली होती आणि ओढ्याकाठची बोअर लांब होती. तिघं बाहेर पडले. थोड्या वेळानं विद्यापीठाचा माणूस बाटल्यांचा खोका घेऊन त्यांच्या मागं निघाला, आणि बसवप्रभूनं मॅनेजरच्या हातातला कागद घेऊन फायलीत परत ठेवला.